नौदलाच्या जहाजावर, पण नौदलात नाही

खारावारा

मागच्या महिन्यात कुणाच्या तरी धाग्यावर ओघात लिहून गेलो की मी अमेरिकी नौदलाच्या जहाजावर काम करतो, पण नौदलात नाही. तेव्हापासून व्यनि (व्यक्तिगत निरोप) थांबत नाहीत. "म्हणजे नक्की काय?", "भाच्याला चिकटवता येईल का?" एकाने तर विचारपूस न करता थेट बायोडेटाच पाठवला. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा एकदाच लिहितो.

मी मूळचा देवगडचा. आमच्याकडे कुणी बोटीवर गेला की "शिपिंगला आहे" एवढंच सांगतात, पुढचं कुणी विचारत नाही. मीही अकरा वर्षं तसाच शिपिंगला होतो, परदेशी कंपन्यांच्या टँकरवर. लग्नानंतर व्हर्जिनियात आलो, यथावकाश नागरिकत्व मिळालं, इथल्या कोस्ट गार्डच्या परीक्षा पुन्हा पहिल्यापासून दिल्या (भारतातलं सर्टिफिकेट इथे चालत नाही, फक्त समुद्रावरचे दिवस धरतात) आणि गेली सहा वर्षं मिलिटरी सीलिफ्ट कमांडच्या तेलाच्या जहाजावर सेकंड असिस्टंट इंजिनिअर आहे. आपल्या हिशेबात हा थर्ड इंजिनिअर. अमेरिकेत चीफ इंजिनिअरच्या खालचा माणूस फर्स्ट असिस्टंट, त्यामुळे आकडा एकाने चढतो. घरच्यांना वाटलं बढती मिळाली. मीही दोन दिवस काही बोललो नाही.

सीलिफ्ट कमांड ही संस्था १९४९ ची, आजचं नाव १९७० पासूनचं. मुख्यालय नॉरफोकला. युद्धनौकांना समुद्रातच तेल, दारूगोळा, अन्नधान्य, सुटे भाग आणि टपाल पोचवायचं हे मुख्य काम. जहाज नौदलाच्या मालकीचं, रंग तोच करडा, पण धुराड्यावर निळे-पिवळे पट्टे आणि नावाआधी यूएसएसऐवजी यूएसएनएस. आत मात्र कॅप्टनपासून भांडी घासणाऱ्यापर्यंत सगळे सिव्हिलियन. केंद्र सरकारचे नोकर, पोस्टातल्या माणसासारखे. सोबत नौदलाची छोटी तुकडी कधी असते, कधी नसते.

आता फायदे. पगाराचा आकडा मी सांगणार नाही. चांगल्या कंपनीच्या गॅस टँकरवर याहून जास्त मिळू शकतो, त्यामुळे पैशासाठी इकडे येऊ नका. फरक दुसरीकडे आहे, आणि तो शिपिंगच्या घरातल्या माणसालाच नीट कळेल. आपल्याकडे कॉन्ट्रॅक्ट संपलं की पगार संपला. सामान उतरवलं, गणपतीला घरी आलो, पहिला महिना राजासारखा. दिवाळीनंतर तेच घर खायला उठतं. मग ऑफिसला फोन. "सर, जॉइनिंग?" "बघतो, पुढच्या महिन्यात." पुढच्या महिन्यात तेच. बायकोच्या लक्षात येतं, पण ती बोलत नाही. अकरा वर्षांत मी असे एकूण तीन वर्षांचे महिने फोनकडे बघत काढले असतील.

इथे मी नोकरीत आहे. बोटीवर असतानाही आणि नसतानाही. रजा साठते: पहिली तीन वर्षं वर्षाला १३ दिवस, पंधरा वर्षांपर्यंत २०, पुढे २६. आजारपणाची १३ वेगळी. समुद्रावर काढलेल्या दिवसांची शोअर लीव्ह त्याहून वेगळी. आठवड्याचे ४० तास मूळ पगारात, वरचं काम ओव्हरटाइममध्ये, आणि बोटीवर ४० तासांत कुणाचंच भागत नाही. पेन्शन आहे. भविष्यनिधीसारख्या बचत योजनेत मी ५ टक्के टाकले की सरकार ५ टक्के टाकतं. घरच्यांसकट आरोग्य विमा, ज्याचा मोठा हिस्सा सरकार भरतं, आणि निवृत्तीआधीची सलग पाच वर्षं तो घेतलेला असेल तर निवृत्तीनंतरही चालू राहतो. अमेरिकेत राहणाऱ्यांना या शेवटच्या वाक्याची किंमत समजावून सांगायला नको.

एक तोटा लगेच सांगून टाकतो. भारतातून जाणारा खलाशी वर्षात १८२ पेक्षा कमी दिवस देशात राहून एनआरआय होतो आणि परदेशातला पगार करातून सुटतो. इथे तसलं काही नाही. सहा महिने पाण्यावर असलात तरी कर पूर्ण.

दुसरा फायदा म्हणजे तळातून वर यायची वाट. आमचा फर्स्ट असिस्टंट वायपर म्हणून लागला होता, म्हणजे इंजिन रूममध्ये फडकं मारणारा. कॉलेज नाही. समुद्रावरचे दिवस भरत गेला, मधल्या काळात संस्थेच्या खर्चाने कोर्स केले, परीक्षा दिल्या. थर्ड असिस्टंटच्या लायसन्सला १०८० दिवस लागतात, इथे बोटी सतत पाण्यावर असल्याने ते भरतात. अशा माणसाला इथे 'हॉसपाइपमधून आलेला' म्हणतात. हॉसपाइप म्हणजे नांगराची साखळी जिथून आतबाहेर होते ते भोक. दारातून नाही, भोकातून आत शिरलास, असा त्याचा अर्थ. शिवी नाही, कौतुक आहे. इंजिनचा आवाज बदलला की आमच्यात त्याला सगळ्यांआधी कळतं.

बाकी प्रश्न विचारा, बोट धक्क्याला आहे तोवर उत्तरं देतो.

गिरगावकर

मस्त लेख. दोन बाळबोध प्रश्न. सलाम ठोकावा लागतो का? आणि यांच्या विमानवाहू नौका अणुशक्तीवर चालतात ना, मग तुमचं तेल कुणाला लागतं?

खारावारा

सलाम नाही. कॅप्टनला "कॅप", चीफला "चीफ". लढाऊ जहाजावरून आलेल्या नवख्या अधिकाऱ्याला पहिले दोन दिवस हात कुठे ठेवावा कळत नाही.

दुसरा प्रश्न बाळबोध नाही. अणुभट्टी जहाज चालवते, डेकवरची विमानं नाही. त्यांना जेट इंधन लागतं आणि ते ढिगाने लागतं. शिवाय बरोबरच्या विनाशिका डिझेल पितात. आमच्या कैसर वर्गाच्या जहाजात १,८०,००० बॅरलच्या आसपास माल मावतो, त्यात हे दोन्ही.

ते देतो कसं, हे एकदा पाहण्यासारखं आहे. दोन जहाजं शेजारी शेजारी, मध्ये ४५-५० मीटर, दोन्ही बारा-तेरा नॉटने पळतायत. आमच्यावरून रायफलीने बारीक दोरी झाडतात. तिच्या मागे जाड दोर, त्याच्या मागे पोलादी तार. तार ताणली की तिच्यावरून काळा होज लोंबत लोंबत पलीकडे सरकतो, आणि टोकाची नळी समोरच्या घंटेसारख्या तोंडात खटकन बसते. बसली की पंप चालू. तासन्‌तास. मधलं पाणी दोन्ही जहाजांना एकमेकांकडे ओढत असतं, त्यामुळे सुकाणूवरचा माणूस शिंकायलाही घाबरतो. मी खाली कंट्रोल रूममध्ये. ब्रिजवरून आवाज येतो, "एक फेरा वाढव." दोन मिनिटांनी, "एक कमी कर." अकरा वर्षं टँकरवर काढली, पण मिनिटाला एक फेरा म्हणजे काय चीज आहे ते मला इथे कळलं. हेच रात्री, बहुतेक दिवे मालवून, हातातल्या हिरव्या-लाल कांड्यांवर करतात.

म्हणूनच माणसं जास्त लागतात. व्यापारी टँकरवर आम्ही बावीस-चोवीस जण असायचो, इथे ऐंशीच्या घरात. याचाही एक फायदा आहे, जो कुठल्याच जाहिरातीत लिहीत नाहीत. बोलायला माणूस असतो. लहान क्रूच्या बोटीवर सहाव्या महिन्यात चीफ कुक आणि मी एकमेकांच्या गोष्टी एकमेकांना परत सांगायला लागलो होतो.

बेलापूरवाला

दादा, धागा अगदी वेळेवर आला. मी डेक रेटिंग, म्हणजे डेकवरचा साधा खलाशी. सीडीसी (खलाशाची सरकारी नोंदवही) आहे, दोन कॉन्ट्रॅक्ट झालीत. सीबीडी बेलापूरला एक एजंट म्हणतोय की 'यूएस नेव्ही सप्लाय शिप'वर एबी (कुशल खलाशी) म्हणून लावतो, साडेतीन लाख. एक लाख आगाऊ. ऑफर लेटरवर गरुडाचं चित्र पण आहे. भरू का?

खारावारा

नको. एक रुपयाही नको.

सीलिफ्ट कमांडच्या या नोकऱ्या अमेरिकी नागरिकांनाच आहेत. ग्रीन कार्डवाल्यालाही मिळत नाहीत, तर बेलापूरहून कुणी कशी लावेल? भरती सरकारी संकेतस्थळांवर उघड होते, मध्ये एजंट नसतो, फी नसते. आणि भारतापुरतं म्हणायचं तर खलाशाकडून नोकरी लावायचे पैसे घेणं हेच बेकायदा आहे. कुठलीही कंपनी असो, डीजी शिपिंगच्या (केंद्राच्या जहाज खात्याच्या) साइटवर तिचा आरपीएसएल नंबर, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना, तपासायचा. नंबर नसेल तर पायऱ्या उतरायच्या. गरुडाचं चित्र कुणालाही छापता येतं रे.

बेलापूरवाला

आगाऊवाला लाख उद्या भरणार होतो. आईने पोत ठेवली होती. बंद केलं. त्याचा नंबर इथे टाकू का?

खारावारा

इथे नको, धागा उडेल. पोलिसांकडे दे आणि डीजी शिपिंगला तक्रार कर. पोत आधी सोडव.

तांडेलाची लेक

बेलापूरवाला, थोडक्यात वाचलास बाबा.

मूळ विषयावर. खारावारा यांनी अमेरिकेचं लिहिलं, पण नौदलासाठी समुद्रावर राबणारा सिव्हिलियन आमच्या घरातच होता. बाबा मुंबईच्या नेव्हल डॉकयार्डात यार्ड क्राफ्टवर, म्हणजे गोदीतल्या कामाच्या बोटींवर. लष्कर म्हणून लागले. लष्कर म्हणजे लास्कर, खलाशी. सैन्यवालं लष्कर नव्हे. या एका शब्दाने शाळेत माझी फार पंचाईत झालीय. मग तांडेल, म्हणजे खलाशांचे म्होरके झाले, त्याच्या वरचे सारंग व्हायच्या आधी निवृत्त झाले. बंदरात नांगरलेल्या युद्धनौकांना पाण्याची बार्ज लावायची, टगने जहाज धक्क्याला घ्यायचं, नौसैनिकांची ने-आण करायची. गाव गुहागरकडचं, त्यांच्या बार्जवर निम्मे रत्नागिरीचेच. हुकूम हिंदीत, शिव्या मालवणीत आणि गप्पा बाणकोटीत, असं ते सांगायचे.

आम्ही कांजूरमार्गच्या नेव्हल सिव्हिलियन कॉलनीत वाढलो. बाबा डॉकयार्डच्या लायन गेटातून बाहेर पडून संध्याकाळी घरी यायचे, हा आमच्या मते सगळ्यात मोठा फायदा. शेजारचे काका शिपिंगला, पैसा आमच्या तिप्पट, पण त्यांची मुलं वडिलांना पाहुण्यासारखं "या" म्हणायची. बाबांच्या अंगाला कायम दोराचा आणि ग्रीसचा वास. आई कपडे वेगळे भिजवायची. ते जुन्या पेन्शनमधले, २००४ च्या आधीचे, त्यामुळे आज आईला फॅमिली पेन्शन येते. कष्टाच्या मानाने मान कमी, ही खंत मात्र त्यांना होती. युद्धनौकेचे फोटो पेपरात येत, त्यात पाणी देणारी बार्ज कोपऱ्यात कापलेली असे.

मला एक विचारायचंय. आपल्या नौदलाची तेलाची मोठी जहाजं सिव्हिलियन चालवत नाहीत ना?

खारावारा

तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला.

नाही. दीपक आणि शक्ती (दोन्ही इटलीत बांधलेली, २०११ ची), ज्योती, आदित्य ही आयएनएस आहेत, त्यांवर नौसैनिकच. नवीन पाच फ्लीट सपोर्ट शिप विशाखापट्टणमला बांधायचा करार २०२३ मध्ये झाला, तीही नौदलासाठी. आपल्याकडे सिव्हिलियनची हद्द साधारण बंदराच्या तोंडाशी संपते. तुमच्या बाबांसारखी माणसं तिथवर.

पण एक गंमत. सप्टेंबर २०२० मध्ये अरबी समुद्रात आयएनएस तलवारने भर समुद्रात तेल घेतलं ते आमच्याच वर्गाच्या यूएसएनएस यूकॉनकडून. दोन देशांत २०१६ मध्ये रसदीचा करार झाला होता, त्याखाली. मी त्या बोटीवर नव्हतो. असतो तर होजवरून लोणच्याची बाटली मागवली असती.

आणि ही जहाजं आता दुरुस्तीलाही भारतात येतात. पहिलं चार्ल्स ड्रू, ऑगस्ट २०२२, चेन्नईजवळ कट्टुपल्लीला. २०२३ मध्ये माझगाव डॉकनेही अमेरिकी नौदलाशी दुरुस्तीचा करार केला. त्यामुळे आमच्यापैकी कुणीतरी कधीतरी माझगावला धक्क्याला लागून वडापाव खाईल, अशी मला आशा आहे.

रोखठोक

सगळं गोड गोड चाललंय. शेवटी तुम्ही दारूगोळा पोचवता. तो कुठे पडतो ते पेन्शनच्या हिशेबात धरलंय का? आणि तुम्ही सिव्हिलियन म्हणून मिरवता, पण क्षेपणास्त्र आलं तर ते धुराड्यावरचे पट्टे बघून थांबणार आहे का?

खारावारा

नाही थांबणार. धोका खरा आहे. २०२४ च्या सप्टेंबरात ओमानजवळ आमच्या ताफ्यातलं बिग हॉर्न तळाला लागून नादुरुस्त झालं. तेव्हा ते लिंकन या विमानवाहूच्या ताफ्याला तेल पुरवत होतं. म्हणजे हल्ल्याशिवायही पुरेसं काही घडू शकतं. आणि आम्ही सैनिक नसल्याने माजी सैनिकाला मिळणाऱ्या सवलती आम्हाला नाहीत. जातो मात्र तिथेच.

पहिल्या प्रश्नाला माझ्याकडे स्वच्छ उत्तर नाही. मी तेलाच्या जहाजावर राहतो, दारूगोळ्याच्या जहाजावर बदली मागितलेली नाही. पण जेट इंधनाने विमानच उडतं, हे मलाही कळतं. याच संस्थेची मर्सी आणि कम्फर्ट ही हजार-हजार खाटांची रुग्णालय जहाजंही आमच्यासारखेच सिव्हिलियन चालवतात, डॉक्टर-नर्स नौदलाचे. ती सांगून मी सुटू शकतो, पण तुम्ही सुटू देणार नाही. इथे काम करणारे काही जण या कारणाने सोडूनही जातात. मी सोडलेलं नाही, एवढंच खरं सांगू शकतो.

रोखठोक

सरळ उत्तराबद्दल आभार. मत बदललं नाही, पण पुढचं वाचतोय.

पोर्टस्मथचा पक्या

ब्रिटनमधून भर. इथे हेच काम रॉयल फ्लीट ऑक्झिलरी करते, १९०५ पासून. माझा शेजारी तिथून निवृत्त झाला, त्याच्या बागेतल्या खांबावर अजून त्यांचा निळा झेंडा असतो. कॅडेट म्हणून घेतात, शिक्षणाचा खर्च करतात, पेन्शन वगैरे सगळं खारावारा म्हणतात तसंच. पण रोखठोक यांचा मुद्दा इथल्या लोकांना शिकवावा लागत नाही. ८ जून १९८२ ला फॉकलंड्सच्या युद्धात फिट्झरॉयजवळ त्यांच्या सर गॅलहॅड या जहाजावर बॉम्ब पडले, ४८ माणसं गेली. बहुतेक वेल्श गार्ड्सचे सैनिक, पण जहाजाचे सिव्हिलियन कर्मचारीही होते.

आणि फायद्यांची यादी वाचून भुलू नका. २०२४ मध्ये पगारासाठी इथे अधिकारी आणि खलाशी दोघांच्याही युनियननी संप केले. माणसं नाहीत म्हणून जहाजं धक्क्याला बांधून ठेवायची वेळ आली.

खारावारा

पक्या, बरोबर. आमच्याकडेही तेच. २०२४ मध्येच माणसं पुरत नाहीत म्हणून सतरा जहाजांवरचा क्रू उतरवून ती लांबच्या देखभालीला लावायचा निर्णय झाला. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं, आता लिहितो. बोटीवरची पाळी चार महिन्यांची म्हणतात. चार महिन्यांनी तुम्ही रजा मागू शकता. पण बदली माणूस आल्याशिवाय उतरता येत नाही, आणि माणसंच कमी असली की तो उशिरा येतो. सगळ्या ताफ्यात गळती लागायचं मोठं कारण हेच मानतात. कॅलेंडरवर फुली मारायची नाही, हे मी पहिल्या वर्षीच शिकलो. माझ्या मुलाचा पहिला वाढदिवस मी हिंदी महासागरात केला. मेसमध्ये केक होता, मुलगा नव्हता.

मीनल_व्हर्जिनिया

शेवटचं वाचून पोटात कालवलं, कारण माझाच प्रश्न यावर आहे. मुलगी १९ वर्षांची, जन्माने इथली. कम्युनिटी कॉलेजात मन लागत नाही, गाड्यांची इंजिनं उघडून बसते. तिनेच मला हे वायपरचं दाखवलं. तिचे बाबा म्हणतात, "फडकं मारायला अमेरिकेत आलो का?" मुलीसाठी बरं वातावरण असतं का? आणि आम्ही शाकाहारी आहोत.

खारावारा

वहिनी, आमच्या इंजिन रूममध्ये आत्ता दोन मुली आहेत, एक थर्ड असिस्टंट. वातावरण बोटीबोटीवर बदलतं, सगळीकडे उत्तम असतं असं मी म्हणणार नाही. ऐंशी माणसांत दोन-तीन नग निघतातच. तक्रारीची वाट आहे, आणि ती पहिल्या दिवशीच समजून घ्यायला सांगा.

बाबांना म्हणावं, फडकं मारायचेही पगार आणि पेन्शन पहिल्या दिवसापासून लागू. प्रशिक्षणाच्या काळातही. वीस लाखांचं कर्ज काढून कोर्स करणारी आणि मग पहिल्या बोटीसाठी दोन वर्षं थांबलेली मुलं मी भारतात पाहिली आहेत. ही उलट दिशेने जाईल, आधी काम, मग लायसन्स. आवडलं नाही तर एका पाळीनंतर सोडेल, कर्ज नाही.

कागदपत्रं मात्र आत्तापासून. कोस्ट गार्डचं मरिनर क्रेडेन्शियल (खलाशाचा परवाना), बंदरात शिरायचं ट्विक कार्ड, पासपोर्ट, मेडिकल, पार्श्वभूमीची तपासणी. याला महिने लागतात. आणि तिला एक गोष्ट खडसावून सांगा. व्हर्जिनियात एकवीस वर्षं पूर्ण झालेल्यांना गांजा कायद्याने चालतो, पण ही केंद्राची नोकरी आहे. चाचणीत सापडली की तिथेच संपलं. हुशार पोरं या एका गोष्टीवर बाहेर पडताना पाहिली आहेत.

जेवण: सॅलड बार असतो, अंडी, भात, बीन्स. भाज्या पहिले दहा दिवस हिरव्या, नंतर डब्यातल्या. वरण मिळणार नाही. मी मेतकूट नेतो, भातावर घालून खातो. आता आमच्या बोसनलाही, म्हणजे डेकवरच्या खलाशांच्या मुकादमालाही, लागतं. त्याला वाटतं ते औषध आहे.

मीनल_व्हर्जिनिया

तिला वाचून दाखवलं. हॉसपाइपवर फार हसली, म्हणते जर्सीवर तेच छापून घेते. बाबा अजून गप्प आहेत, पण ट्विक कार्डाच्या ऑफिसला गाडीने मीच सोडतो म्हणाले. लोणचं चालेल का हो न्यायला?

खारावारा

चालेल. बरणी काचेची नको.

परवा पहाटे आम्ही सुटतोय. पुढची उत्तरं उशिरा.